मोटरहोममागे जीप, मग चार सायकली लावायच्या कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातले काका-काकू उन्हाळ्यात मुलाकडे फ्रेस्नोला, म्हणजे कॅलिफोर्नियात जाणार आहेत. मुलाकडे फोर्ड ई-४५० चासीवरचं ३१ फुटी क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या चासीवर बांधलेलं चालतं घर) आहे. त्याच्यामागे तो आपली चार दारांची जीप रँग्लर चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढत नेतो. बेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि बरोबर चार सायकली न्यायच्या आहेत, दोन साध्या आणि दोन बॅटरीच्या. मुलाचं म्हणणं, मोटरहोम आणि जीप यांच्यामध्ये दुहेरी हिच लावून सायकली तिथे ठेवू. (हिच म्हणजे ओढायचा दांडा किंवा रॅक बसवायचं गाडीमागचं चौकोनी तोंड; दुहेरी म्हणजे अशी दोन तोंडं.) काकांना ते पटत नाही. जोडीला दुसरा प्रश्न: परत आल्यावर बडोद्याहून ट्रॅव्हलर मिनीबसची कॅरव्हॅन भाड्याने घेऊन, तिच्यामागे घरची गाडी जोडून, असंच कच्छला जाता येईल का?

काका, तुमची शंका रास्त आहे. सायकली जीपच्या मागे लावा. मधल्या जागेचा मोह बहुतेकांना पडतो, कारण ती रिकामी दिसते. पण ती रिकामी ठेवलेली असते ती वळणासाठी.

आधी वजनाचं गणित, कारण वाद तिथेच मिटतो. साधी सायकल सरासरी १४ किलो धरा, तुमच्या वर्णनातली बॅटरीची सायकल २७ किलो. बॅटरी काढली की ती साधारण साडेतेवीसवर येते. म्हणजे चार सायकलींचे ७५ किलो. चार सायकलींचा चांगला प्लॅटफॉर्म रॅक, ज्यावर चाकं खोबणीत उभी राहतात, तो स्वतःच ३० किलोच्या आसपास असतो. झाले १०५ किलो. दुहेरी हिचचा अडॅप्टर आणखी १५ किलो धरा, तर मोटरहोमच्या शेपटीला १२० किलो लागले.

आता हे १२० किलो कुठे लटकतात ते बघा. ३१ फुटी क्लास सीमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सुमारे ५.६ मीटर असतं आणि मागच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) मागे जवळपास ३ मीटर बॉडी नुसती अधांतरी असते. सायकलींचा मध्य हिचच्याही मागे ०.७ मीटर येतो. म्हणजे हा भार मागच्या आसापासून ३.७ मीटरवर आहे. सीसॉचा नियम लावा: १२० गुणिले ३.७ भागिले ५.६, उत्तर ७९. पुढच्या चाकांवरून ७९ किलो उचलले गेले आणि मागच्या आसावर १२० नव्हे, तर १९९ किलो वाढले. क्लास सीचा मागचा आस बहुधा आधीच मर्यादेच्या जवळ असतो, कारण पलंग, पाण्याची टाकी, कपाट सगळं मागेच असतं. ई-४५०ची एकूण वजनमर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,५७७ किलो. पण नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर प्रत्येक आसाची मर्यादा वेगळी छापलेली असते. मुलाला सांगा, पाणी-पेट्रोल-सामान भरून ट्रकच्या काट्यावर एकदा पुढचा-मागचा आस वेगवेगळा मोजून घे. तिथल्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर असे काटे असतात आणि जीपसकट मोजूनही मिळतं.

आणि हे झालं गाडी उभी असतानाचं. रस्त्यावरच्या खड्ड्यात मागचा आस चार बोटं खाली गेला, तर तीन मीटर मागे असलेली शेपूट त्याहून जास्त आपटते. कारच्या मागे वर्षानुवर्षं चालणारे रॅक मोटरहोमच्या मागे एका उन्हाळ्यात वेल्डिंगपाशी तडकतात, ते याच फटक्यामुळे. म्हणून उत्पादक 'मोटरहोमसाठी मान्य' असा वेगळा शेरा देतात आणि काही जण तोच रॅक मोटरहोमवर लावला तर प्रत्येक सायकलीची मर्यादा निम्म्यावर आणतात. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा माहितीपुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचा. त्याच अक्षरांत काही कंपन्या असंही लिहितात की ओढल्या जाणाऱ्या वाहनावर हा रॅक लावू नये. असा रॅक आपल्या कामाचा नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो. तुम्हाला दोन्ही गोष्टी लेखी हव्यात: ओढल्या जाणाऱ्या गाडीवर चालतो आणि बॅटरीच्या सायकलीचं वजन एका खोबणीत पेलतो.

समजा वजन बसलं, तरी मधल्या जागेची दुसरी अडचण उरतेच. जीप ओढणारा इंग्रजी ए-च्या आकाराचा दांडा, म्हणजे टो-बार, मोटरहोमचा हिच आणि जीपचं नाक यांच्यात जेमतेम तीन-चार फूट अंतर ठेवतो. सायकल पावणेदोन मीटर लांब, आडवी उभी केलेली. सरळ रस्त्यावर छान दिसते. पेट्रोलपंपावरून कडक वळण घेतलं की जीपचा बोनेटचा एक कोपरा सायकलीच्या चाकाकडे सरकत येतो. त्यात भर म्हणजे उतारावरून रस्त्यावर चढताना मोटरहोमची शेपूट खाली आणि जीपचं नाक वर. सायकलीचं पेडल बोनेटवर बसतं ते नेमकं अशा ठिकाणी, आणि ड्रायव्हरला पत्ता लागत नाही, कारण नऊ मीटर पुढे बसलेल्याला टकटक ऐकू येत नाही.

दुहेरी हिच वापरायचाच झाला, तर टो-बारची पातळी बिघडते. टो-बार जवळजवळ आडवा, जमिनीला समांतर असायला हवा. मोटरहोमकडचं टोक फार तर ३ इंच वर चालतं. अडॅप्टरमध्ये एक तोंड वर आणि एक खाली असतं. टो-बार कुठल्याही तोंडात लावला तरी उंची बदलते आणि मग ती जुळवायला आणखी एक तुकडा जोडला जातो. प्रत्येक जोडाला थोडा खेळ असतो आणि प्रत्येक वाढीव इंचाला उत्पादक ओढण्याची मर्यादा उतरवतात, लांबीच्या तुकड्यांवर तर कित्येकदा निम्म्यावर. मोटरहोमचा हिच ५,००० पौंडांचा असेल (क्लास सीला हे नेहमीचं) आणि जीप ४,३०० पौंडांची, तर निम्मं परवडणार कुठे?

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोटरहोमच्या मागच्या कॅमेऱ्यातून टो-बारच्या पिना, सुरक्षा-केबली आणि जीपची पुढची चाकं दिसत असतात. जीपचं एखादं टायर बसलं तर ते कळण्याचा तोच मुख्य मार्ग, कारण इतक्या जड गाडीमागे ओढ जाणवत नाही. मधे सायकली उभ्या केल्या की कॅमेऱ्यात स्पोक दिसतात, दुसरं काही नाही.

शिवाय सायलेन्सर. क्लास सीच्या सायलेन्सरचं तोंड मागच्या कोपऱ्यातून बाहेर येतं. गरम धुराच्या झोतात सायकलीचं टायर आलं तर चढावर तासाभरात रबर मऊ पडून फुगतं किंवा ट्यूब फुटते. फ्रेस्नोहून योसेमिटी म्हणजे चढच चढ.

आता जीपच्या मागे. चार दारांच्या रँग्लरचा हिच साधारण ३,५०० पौंड ओढण्याचा आणि ३५० पौंड उभा भार पेलण्याचा असतो. दोन दारांच्या रँग्लरची ओढमर्यादा फक्त २,००० आणि उभा भार २०० पौंड, त्यामुळे गाडी कुठली ते नीट पाहा. बाजारातून नंतर बसवलेला हिच असेल तर त्याच्यावरचा आकडा आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा यांतला लहान तो खरा. आपले १०५ किलो म्हणजे २३१ पौंड. ३५०च्या आत आहोत, पण खुशाल राहू नका. रँग्लरच्या मागच्या दारावर स्टेपनी असते. ती चुकवायला रॅकचा दांडा लांब लागतो आणि सायकली मागे सरकतात. इथेही सीसॉ आहेच: जीपच्या दोन आसांत ३ मीटर, सायकलींचा मध्य मागच्या आसाच्या मागे साधारण १.८ मीटर. पुढच्या चाकांवरून ६३ किलो कमी होतात. ओढली जाणारी जीप वळते ती आपल्या पुढच्या चाकांच्या जोरावर, स्टिअरिंग मोकळं सोडलेलं असतं. नाक हलकं झालं तर चाकं थरथरतात. म्हणून जड सायकली जीपच्या सर्वांत जवळच्या दोन खोबणींत, हलक्या बाहेरच्या. बॅटऱ्या, अवजारांची पेटी, पाण्याचे कॅन जीपमध्ये ठेवायचेच असतील तर पुढच्या सीटच्या पायाशी, डिकीत नकोत.

जीपमध्ये किंवा जीपवर ठेवलेला प्रत्येक किलो मोटरहोमच्या ओढण्याच्या मर्यादेत मोजला जातो हे लोक विसरतात. जीप ४,३०० अधिक २३१, झाले ४,५३१. ५,०००च्या हिचला ४६९ पौंड उरले. जीपमध्ये तंबू, खुर्च्या, शेगडी, कोळसा, बर्फाची पेटी कोंबली की ते उरलेले कधी संपतात कळत नाही.

लांबीचं काय? मोटरहोम ३१ फूट, टो-बार ४, जीप सुमारे १६, सायकलींसह रॅक ४. एकूण ५५. कॅलिफोर्नियात अशा जोडगाडीला ६५ फुटांची मर्यादा आहे, म्हणजे बसतं. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला आकडा वेगळा असू शकतो. आणि कॅलिफोर्नियात काही ओढत असताना वेगाची कमाल मर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरच आहे, मग रस्त्यावर ६५ची पाटी दिसली तरी. सायकलींसाठीही तोच वेग बरा.

चारही चाकांवर जोडलेली जीप मागे घेता येत नाही, हे मुलाला ठाऊक असेलच. मोटरहोम मागे घेताच जीपची पुढची चाकं आडवी वळून पूर्ण अडकतात आणि टो-बार वाकतो. रॅकमुळे शेपूट चार फुटांनी वाढल्यावर पेट्रोलपंपावर अडकायची शक्यताही वाढते. आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट पाहावी, बाहेरच्या रांगेतला पंप घ्यावा. अडकलातच तर जीप सुटी करावी लागते. सायकली जीपवर असल्या तर हे पाच मिनिटांचं काम. सायकली मधे असल्या तर आधी चार सायकली उतरवा, मग रॅक, मग टो-बार, आणि मागचे लोक हॉर्न वाजवत उभे.

सायकली जीपवर असाव्यात याचं खरं सुखही इथेच आहे. योसेमिटीच्या दरीत १२ मैलांहून अधिक डांबरी सायकलमार्ग आहेत. मोटरहोम तळावर उभं करून जीप सोडवली की सायकलींसकट थेट निघता येतं. गाडी आणि सायकली दोन्ही एकाच जागी हव्या असतात, मग त्या वेगळ्या वाहनांना का बांधायच्या?

रॅक घेताना पाहायचं ते असं. दांडा दोन इंची चौकोनी हवा, सव्वा इंची नको. सायकल वरच्या नळीला लटकवणारा रॅक नको. काकूंची सायकल खाली वाकलेल्या फ्रेमची असेल तर तिला वरची नळीच नसते आणि बॅटरीची सायकल अशी लटकवली तर झोके खाते. खोबणीवाला रॅक घ्या, ज्यात चाकावरून आकडा येऊन पुढचं चाक दाबून धरतो. फ्रेमला पकडणारा चिमटा कार्बन फ्रेमवर कधीही लावू नये. रँग्लरचं मागचं दार बाजूला उघडतं, वर नाही. त्यामुळे नुसता खाली झुकणारा रॅक पुरत नाही, आडवा फिरून बाजूला जाणारा लागतो. तो महाग आणि जड असतो. तेवढं वजन किंवा पैसे नको असतील तर साधा रॅक घ्या आणि पंक्चरचं सामान, जॅक, पान्हे मागच्या सीटच्या दारातून हाताला येतील असे ठेवा. मी दुसरा मार्ग निवडेन.

रॅक हिचमध्ये घातल्यावर हाताने वर-खाली हलवा. खुडखुड झाली तर तीच खुडखुड शंभर किलोमीटरनंतर दुप्पट होते. दोन इंची हिचची पिन ५/८ इंची असते. आटे असलेली, आवळून दांडा एका बाजूला दाबणारी पिन घ्या, किंवा बाहेरून यू-बोल्टचा आवळपट्टा लावा. साधी सरकपिन आणि क्लिप एवढ्यावर चार सायकली नेऊ नयेत. शिवाय रॅकच्या वरच्या टोकापासून दोन पट्टे तिरपे खाली जीपच्या हिचच्या दोन्ही कडांना बांधा. स्टेपनीला बांधू नका, ती दारावर आहे. पट्टा साधा बकलचा असावा, रॅचेटचा नको. रॅचेटने माणूस हौसेने इतकं आवळतो की रिमच वाकते.

चढवण्याचा क्रम: सगळ्यांत आधी बॅटऱ्या काढायच्या आणि बॅटरीच्या खाचेवर जाड प्लास्टिक आणि रबरी पट्टा लावायचा, नाहीतर मोटरहोमच्या चाकांनी उडवलेलं पाणी त्या कनेक्शनमध्ये शिरतं आणि मग सायकल कधी चालू होते, कधी नाही. डिस्प्ले काढून खिशात. बाटल्या, पंप, दिवे, टोपल्या, सगळं काढा, ताशी ८० च्या वाऱ्यात टिकत नाही. पहिली सायकल डावीकडे तोंड करून, दुसरी उजवीकडे, अशा आलटून-पालटून. हँडल दुसरीच्या सीटला लागत असेल तर सीट खाली करा. पेडल शेजारच्या स्पोकमध्ये जाणार असेल तर क्रँक फिरवून वेगळ्या कोनात थांबवा आणि पट्ट्याने बांधा. जिथे धातू धातूला लागतो तिथे नळाच्या पाइपावर चढवतात तो फोमचा नळा चिरून घाला. पुढचं-मागचं चाक खोबणीला पट्ट्याने बांधा. मोकळं चाक वाऱ्यावर तासन् तास फिरत राहिलं तर बेअरिंग जातं आणि हँडल डावी-उजवीकडे मारत राहतं.

सायकलींवर आच्छादन घालू नका. दुकानात मोठं चांगलं दिसतं, पण महामार्गावर ते शीड होतं. मग हिचवर सायकलींच्या वजनाशिवाय आणखी ताण येतो. चेन आणि गिअरवर छोटी पिशवी बांधली की पुरे. मोटरहोमच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरत असते, त्यामुळे पिशवीचंही तोंड नीट आवळा.

दिवे. चार सायकली लावल्यावर रँग्लरचे मागचे दिवे निम्मे झाकले जातात आणि नंबरप्लेट हमखास. रॅकवर वेगळी दिव्यांची पट्टी लावायची. इथे एक फसगत आहे. जीपच्या हिचपाशी चार पिनांचं सॉकेट असतं आणि रॅकची पट्टी त्यात जोडली की सगळं चालतं असं वाटतं. जीप स्वतः चालवताना ते चालतंच. पण ओढली जात असताना मोटरहोमकडून येणारी वायर बहुतेकदा डायोडमधून थेट जीपच्या बल्बांना जोडलेली असते, त्या सॉकेटपर्यंत पोचतच नाही. परिणाम: जीपचे झाकलेले दिवे लागतात आणि रॅकची उघडी पट्टी अंधारात. तपासणं सोपं आहे: सगळं जोडा, जीपची किल्ली बंद, एकाने मोटरहोममध्ये ब्रेक, डावा, उजवा, पार्किंग लावायचे आणि दुसऱ्याने मागे उभं राहून पट्टी बघायची. लागत नसेल तर मोटरहोमकडच्या वायरीतून टी-जोड काढून वेगळी तार मागे न्यावी लागते. काम अर्ध्या दिवसाचं आहे, निघायच्या आदल्या रात्रीचं नाही.

जीप न्यूट्रल करायची पद्धत गाडीच्या पुस्तकात पानभर दिलेली असते, ती पायरीपायरीने पाळा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी) न्यूट्रलमध्ये गेली का याची खातरी करून मगच निघायचं. जीपचा वेगळा ब्रेक, म्हणजे मोटरहोमने ब्रेक मारला की जीपचं पेडल दाबणारं यंत्र, आणि जोड तुटल्यास ब्रेक लावणारी दोरी, दोन्ही हवेतच. सायकली वाढल्या म्हणून त्या यंत्राचा जोर नव्याने जुळवावा. निघाल्यावर पहिल्या १५-२० किलोमीटरवर थांबून प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहा. पहिल्या थांब्यावर पट्टे हमखास सैल सापडतात, कारण रबर आणि फोम दबतात. त्यानंतर प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना. जीपच्या चाकांच्या मधल्या भागाला हात लावून पाहायची सवयही तेव्हाच लावा; एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक घासतोय.

बाकी जागांबद्दल फार लिहीत नाही. मोटरहोमच्या शिडीवर टांगायचा रॅक दोन साध्या, हलक्या सायकलींपुरता; शिडी पातळ फायबरच्या भिंतीत स्क्रूने बसवलेली असते, बॅटरीची सायकल तिथे कधीच नाही. मोटरहोमच्या पुढे लावल्या तर क्लास सीच्या रेडिएटरची हवा अडते आणि हेडलाइटही. जीपच्या आत, मागची सीट पाडून पुढची चाकं काढलेल्या दोन सायकली मस्त मावतात. चोरी नाही, पाऊस नाही. साध्या दोनच सायकली असत्या तर मी रॅकचं नावही काढलं नसतं. आत ठेवताना फॉर्कच्या दोन पायांमध्ये प्लास्टिकचा अडसर घाला, गिअरची बाजू वर ठेवा आणि खाली जुनी चादर. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर काढलेल्या चाकाच्या जागी कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. कुणी चुकून लिव्हर दाबला तर पॅड चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही.

जीपच्या टपावर उभ्या सायकली चालतात का? ओढताना उंचीची भीती नाही, कारण पुढचं मोटरहोम सव्वातीन मीटरहून उंच असतं. ते गेलं तिथून सायकलीही जातात. घोटाळा होतो जीप सोडल्यावर. मुलगा एकटा जीप घेऊन दूध आणायला जातो, परत येऊन गॅरेजचं दार उघडतो आणि सरळ आत. बडोदेकरांना हे अलकापुरीच्या गरनाळ्यावरून, म्हणजे रेल्वेखालच्या बुटक्या रस्त्यावरून, चटकन समजेल. शिवाय २४ किलोची सायकल डोक्यावर उचलून चढवणं साठीनंतर करायचं काम नाही.

आता कच्छ.

चालू स्थितीतली गाडी मागे जोडून ओढत नेणं आपल्याकडे नियमात बसत नाही. बंद पडलेलं किंवा अर्धवट बांधणीचं वाहन, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार, एवढंच ओढता येतं. त्यामुळे फ्रेस्नोतली मांडणी जशीच्या तशी बडोद्यात नको. ट्रॅव्हलर भाड्याची, तिला तिचा ड्रायव्हर. घरची गाडी तुमच्यापैकी कुणीतरी चालवायची. सायकली कुठे लावायच्या हा प्रश्न तसाच राहतो, फक्त उत्तर आणखी सोपं होतं: घरच्या गाडीवर. भाड्याच्या ट्रॅव्हलरच्या मागे काही टांगण्याआधी मालकाची लेखी परवानगी लागेल आणि तिचाही मागचा भाग आसामागे बराच लांब असतो. अमेरिकेत खड्ड्याचा फटका कधीतरी बसतो. इथे गावागावातला स्पीडब्रेकर तो ठरलेल्या अंतराने देतो.

आपल्या गाड्यांना हिच येत नाही. म्हणून लोक मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, जाऊन बनवून घेतात. बनवायचाच असेल तर वेल्डरला पुढच्या गोष्टी सांगा. हिच बंपरला जोडायचा नाही, चासीच्या दोन्ही बाजूंच्या मूळ भोकांना, ८.८ ग्रेडच्या एम-१२ बोल्टांनी, जाड वायसर घालून, ८० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळून. बाहेरचा चौकोनी पाइप ६० बाय ६०, जाडी ४ मिलिमीटर. आतली जागा ५२ राहते. आतला दांडा ५० बाय ५०, म्हणजे २ मिलिमीटरचा खेळ, तो एक-एक मिलिमीटरच्या पट्ट्या लावून भरायचा आणि बाहेरून यू-बोल्टने आवळायचा. ४.८ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला तर आत जेमतेम ५०.४ उरतात आणि पाइपाच्या आतली वेल्डिंगची शीर दांडा अर्ध्यावर अडवते. ती घासून काढता येते, पण लांब पाइपात ग्राइंडर पोचत नाही. वेल्डिंग झाल्यावर जोडांना लाल प्रायमर लगेच, कारण कच्छची हवा खारट आहे.

दोन साध्या सायकलींसाठी एवढा खटाटोप नको. डिकीच्या कडांना आकडे लावून पट्ट्यांनी बसणारा रॅक पुरतो. फक्त वरचे आकडे प्लास्टिकच्या स्पॉयलरवर किंवा काचेच्या कडेवर येत नाहीत ना, ते पाहा, पत्र्यावरच हवेत. आकड्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला रंग जातो. बॅटरीच्या सायकली यावर नाही. नंबरप्लेट आणि मागचे दिवे मोकळे दिसले पाहिजेत, आणि सायकल गाडीच्या रुंदीच्या बाहेर आडवी यायला नको. गाडीच्या मर्यादेबाहेर आलेल्या सामानाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे. सायकल १.७५ मीटर, लहान गाडीची रुंदीही जवळपास तेवढीच, म्हणून पुढचं चाक काढून लावली की आत बसते.

टपावर लावल्या तर बडोद्यातून निघतानाच गरनाळं टाळून पुलावरून जा, आणि हॉटेलच्या पार्किंगच्या लोखंडी दांड्याखाली ड्रायव्हरने आठवण ठेवावी म्हणून स्टिअरिंगला लाल रिबीन बांधा. कच्छच्या वाटेवर सुरजबारीच्या खाडीवर वारा आडवा येतो; टपावरच्या सायकली असतील तर तिथे वेग कमी करून डाव्या बाजूने चला.

चारपेक्षा जास्त सायकली झाल्या, किंवा चारांतल्या दोन बॅटरीच्याच असल्या, तर रॅकचा विचार सोडा आणि एक छोटा हत्ती भाड्याने करा. तळाला जुन्या गाद्या, सायकली एकाआड एक उलट तोंडाने उभ्या, मधे पुठ्ठे, दोन आडव्या दोऱ्या. परतीच्या वाटेवर तोच टेम्पो. कच्छच्या रणातल्या धोरडोहून निघायच्या आधी मात्र सायकली गोड्या पाण्याने धुऊन चेन पुसून तेल लावूनच चढवा. मिठाची पांढरी धूळ चेनवर राहिली आणि घरी पोचून दोन दिवस तशीच ठेवली, तर कड्या लाल होऊन एकमेकींना धरतात.